क्वीनी, खाली या

हे खरं आहे.

वाचून सोडून द्यायचं असेल तर खुशाल सोडून द्या. मी तीस वर्षं रेडिओ, टीव्ही आणि इस्त्र्या दुरुस्त करण्यात घालवली. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी दुकानातून हसत हसत वाटेला लावायचो. खरखर कुठून येते ते मला कळतं. सैल वायर असते, ओल धरलेली भिंत असते, शेजारून जाणाऱ्या टॅक्सीचा वायरलेस असतो. शोधलं की कारण सापडतंच.

या वेळी सापडलं नाही.

गाव साल्टर्सबी, लिंकनशायर. तारीख पंचवीस नोव्हेंबर एकोणीसशे चौऱ्याण्णव, वार शुक्रवार. आणि रात्र नव्हती. दुपारचे चार वाजले होते.

आमच्याकडे नोव्हेंबरात चारला अंधारून येतं. त्या दिवशी वर धुकंही होतं. माझ्या दुकानाच्या दारातून समोरचं घर दिसत नव्हतं, फक्त त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता.

ते घर बेरिल डाउसचं. वय बावन्न, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, जीभ धारदार. लग्न केलं नाही. वरच्या खोलीत तिची आत्या एनिड अंथरुणाला खिळलेली होती. ऑक्टोबरात ती जिन्यावरून पडली, खुबा मोडला, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी जे होतं ते झालं. पुन्हा उठली नाही.

बेरिलला आत्याशिवाय कोणी नव्हतं आणि आत्याला बेरिलशिवाय.

म्हणून मीच तिला ते यंत्र विकलं. बाळाच्या खोलीत ठेवतात ना, तसलं. एक डबी वरच्या खोलीत ठेवायची, दुसरी खाली स्वयंपाकघरात. वर कोणी हाक मारली की खाली ऐकू येतं. खालचं मात्र वर जात नाही. स्वस्तातलं होतं.

"म्हणजे तिने मला शिव्या दिल्या तर मला ऐकू येणार, आणि मी तिला दिल्या तर तिला नाही?" बेरिल म्हणाली. "डेनिस, तू बाजू तिची घेतलीयस."

पुढचं बेरिलने मला जसं सांगितलं तसं सांगतो.

त्या शुक्रवारी ती चहाच्या वेळची तयारी करत होती. ओट्यावर मनुका घातलेला प्लम ब्रेड कापत होती. यंत्रातून आत्याचा श्वास ऐकू येत होता. हळू, एका लयीत.

चारचे टोले पडले.

श्वास थांबला.

आणि मग आत्याचा आवाज आला... स्पष्ट, खणखणीत, तरण्या बाईचा वाटावा असा.

"क्वीनी, खाली या. धावपट्टी मोकळी आहे."

बेरिल हसली. आत्या लढाईच्या काळात गावाबाहेरच्या विमानतळावर होती, हे तिला माहीत होतं. टॉवरमध्ये बसून विमानांशी वायरलेसवर बोलायचं काम. स्वप्न पडलं असेल, असं तिला वाटलं. तिने पावाचा पुढचा तुकडा कापला.

यंत्रात खरखर झाली...

"थँक यू, मिस." पुरुषाचा आवाज. "पण आधी मागच्यांना घ्या. त्यांच्यात जखमी आहेत. आम्हाला काही घाई नाही."

बेरिलने कापणं अर्धवट सोडलं.

ती धावतच जिना चढली. दार ढकललं.

खोलीत आत्या एकटीच होती. खिडकी बंद. बाहेर नुसतं पांढरं धुकं.

"काय गं?" आत्या म्हणाली. "आणि हातात सुरी कशाला? एवढा कंटाळा आला का माझा?"

बेरिलने हातातल्या सुरीकडे बघितलं. ती कशीबशी हसली, आणि चहा घेऊन येते म्हणून खाली आली. 

दुसऱ्या दिवशी तिने मला बोलावलं. मी यंत्र उघडलं, झाकलं, आतली कळ फिरवून दुसऱ्या चॅनलवर टाकलं. टॅक्सीवाला असेल म्हणालो.

"टॅक्सीवाला जखमी घेऊन फिरतो का?"

"शनिवारी रात्री पबमधून निघालेले असतात तसे."

"काल शुक्रवार होता, डेनिस."

चार वाजता ती एकटीच ओट्याशी उभी राहिली. आत्याने तेच म्हटलं. आणि त्या आवाजानेही तेच. शब्दाला शब्द.

रविवारी ती मुद्दाम वर आत्याजवळ जाऊन बसली. चार वाजले. आत्या खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "क्वीनी, खाली या. धावपट्टी मोकळी आहे." मग ती थांबली. बेरिलही श्वास रोखून थांबली.

खोलीत काही ऐकू आलं नाही.

काहीच नाही.

बेरिल तीन-तीन पायऱ्या गाळत खाली पळाली. स्वयंपाकघरात पोचली तेव्हा यंत्रातून शेवटचे शब्द येत होते... "...काही घाई नाही."

म्हणजे बोलायचं ते वर. ऐकू यायचं ते खाली. आणि घरात माणसं दोनच.

त्या संध्याकाळी आत्याला सूप भरवताना तिने विचारलं, "आत्या, ही क्वीनी कोण?"

चमचा आत्याच्या ओठांशीच राहिला.

"तुला कोणी सांगितलं?"

"तूच रोज बोलतेस. चारला."

"मी तर पन्नास वर्षं बोलतेय. बाथरूममध्ये, बागेत, बसस्टॉपवर. तुझे आईवडील हयात होते तेव्हाही. तेव्हा तू कधी विचारलं नाहीस." आत्याने तिच्याकडे रोखून बघितलं. "आज का विचारतेस?"

बेरिलला खोटं बोलता येत नसे. निदान तोवर तरी.

"कारण कोणीतरी उत्तर देतं."

आत्याने चमचा बाजूला सारला.  मग म्हणाली, "तो 'मिस' कसं म्हणतो? लांबवून? गाणं म्हटल्यासारखं?"

"हो."

"वेल्सचा होता ना." आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तिने ते पुसलं नाही. "आयव्हर प्रॉसर. बावीस वर्षांचा. मी त्याला कधी पाहिलं नाही, बेरिल. नुसता आवाज."

मग तिने सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

"डिसेंबर चव्वेचाळीस. सकाळी विमानं बॉम्ब टाकायला गेली, परत आली तेव्हा चार वाजले होते आणि धुकं उतरत होतं. सगळी एकदम कशी उतरणार? म्हणून वर एकावर एक घिरट्या घालायला लावायचं आणि खालच्यापासून एकेकाला बोलवायचं. माझ्यासमोर फळा होता. प्रत्येक विमानाचा पत्र्याचा बिल्ला, ज्या उंचीवर विमान तिथल्या खिळ्याला. प्रत्येक विमानाला हाकेचं एक नाव असायचं, आयव्हरच्या विमानाचं क्वीनी; ते सगळ्यात खाली होतं. नंबर त्याचाच."

"मग?"

"मागून एक विमान आलं. आत दोघं रक्तबंबाळ. आयव्हर म्हणाला, मिस, आधी त्यांना घ्या, आम्हाला काही घाई नाही. मी क्वीनीचा बिल्ला काढला, त्या दुसऱ्याचा तिथे लावला. क्वीनीचा मी पुन्हा लावणारच होते, गं. तेवढ्यात साहेब ओरडले. धुकं बसलं, ते विमान उतरलं की बाकी सगळ्यांना उत्तरेला पाठव. यॉर्कशायरला. मी फळ्याकडे बघत एकेक नाव घेतलं. सगळ्यांना सांगितलं. फळ्यावरच्या सगळ्यांना."

आत्याने उजव्या हाताची मूठ उघडली आणि पुन्हा मिटली.

"क्वीनी फळ्यावर नव्हतं. इथे होतं."

"पण त्याने विचारलं असेल ना? इतरांना जाताना ऐकलं असेल."

"विचारलं. एकदा. 'मिस, क्वीनीचा नंबर?' मी म्हणाले, 'थांबा.' सवयीने. साहेब फोनवर असले की कोणी काहीही विचारो, आम्ही आधी थांबाच म्हणायचो. आणि तो थांबला."

"अगं, पण पुन्हा विचारायचं! ओरडायचं!"

"तू पोस्टात रांगेत उभी असताना खिडकीवरच्या बाईने थांबा म्हटलं, तर तू पुन्हा विचारतेस?"

 याला उत्तर आमच्या गावात कोणालाच देता आलं नसतं. रांगेत पुढे घुसणाऱ्याशी आम्ही जन्मभर बोलत नाही, आणि आपला नंबर चुकला तरी नुसतं घसा खाकरतो.

"मी चहा प्यायला खाली गेले," आत्या म्हणाली. "कप धरायला मूठ उघडली... तेव्हा दिसला. चाळीस मिनिटं झाली होती. मी धावत वर गेले. हाका मारल्या. किती हाका मारल्या."

पेट्रोल संपलं होतं. क्वीनी जवळच्या वॉश नावाच्या खाडीत पडलं. आत सात जण. भरतीबरोबर एक चाक किनाऱ्याला लागलं, बाकी काही नाही. चौकशीच्या कागदावर कोणीतरी लिहिलं, वायरलेस बिघडला असावा. आत्या वयाने मोठी असती तर बोलली असती की नाही, देव जाणे. ती चोवीस वर्षांची होती. ती गप्प बसली.

जुन्या धावपट्टीवर आता बिटाचं शेत आहे. शेताच्या टोकाला एक दगड बसवलाय, त्यावर सात नावं. दरवर्षी डिसेंबरात गावातले आम्ही तिथे जमतो. मग हॉलमध्ये चहा, हॅमचे सँडविच. आयव्हरची धाकटी बहीण ग्वेंडा दरवर्षी वेल्सहून तीन गाड्या बदलून यायची. दरवर्षी आत्याच्या शेजारी बसायची. तिचा हात हातात घेऊन म्हणायची, "शेवटी तो तुमच्याशी बोलला, एवढं मला पुरे."

"दरवर्षी," आत्या म्हणाली. "दरवर्षी ती माझे आभार मानते, बेरिल."

मग तिने बेरिलचं मनगट धरलं. हाडं नुसती, पण पकड घट्ट.

"मला मरायच्या आधी त्यांना खाली घ्यायचंय. तू खाली ऐक. मी वर बोलते. दोघी मिळून करू."

तर ते सुरू झालं.

सोमवारपासून. बेरिल शाळेतून अडीचला यायची. चारला आत्या वरून बोलायची, बेरिल खाली ऐकायची, मग जिना चढून सांगायची. पुन्हा खाली. पुन्हा वर. मी दुकानातून बघायचो तर जिन्यातल्या खिडकीत तिची सावली वरखाली पळताना दिसायची. मला वाटलं, बाई व्यायाम करतेय. तसं मी बोललोसुद्धा. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढची थट्टा गिळली.

सोमवारी आत्या म्हणाली, "क्वीनी, जखमींचं विमान उतरलं. आता तुम्ही या."

खाली उत्तर आलं... "बरं झालं. पण अजून एक आहे, मिस. त्यांचं इंजिन पेटलंय. आधी त्यांना."

मंगळवारी आत्या म्हणाली, "इंजिनवालेही उतरले."

"छान. आमच्या उजवीकडे एक आहे. नवी पोरं दिसतात. पहिलीच खेप. त्यांना आधी घ्या, घाबरलेत."

बुधवारी आत्या ओरडली. आजारी बाई, पण घर दणाणलं. "आयव्हर प्रॉसर, हा हुकूम आहे! तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही. तू एकटाच आहेस. उतर!"

बेरिल खाली ओट्याला धरून उभी होती. यंत्राचा लहानसा हिरवा दिवा तेवढा जळत होता.

खरखर.

मग शांतता...

"एकटा नाही, मिस." तो हळू बोलत होता. शेजारी कोणीतरी झोपलं असावं तसा. "तुम्हाला दिसत नाहीत का? धुक्यामुळे असेल."

आणि मग त्याच्या मागून दुसरा आवाज आला.

"कंट्रोल, व्हिक्टर बोलतोय. क्वीनीला आधी घ्या. आम्ही थांबतो."

तिसरा.

"जॉर्ज बोलतोय. व्हिक्टरला जाऊ द्या. आमचं चाललंय."

चौथा. पाचवा. कोणी स्कॉटलंडचा, कोणी लंडनचा, कोणाची धाटणी कॅनडाची. एकावर एक, एकामागून एक, वर वर जात गेलेले आवाज. घाबरलेला एकही नाही. रडणारा एकही नाही. सगळे सभ्य, सगळे थकलेले.

आधी तुम्ही.

नाही, नाही, आधी तुम्ही.

 बेरिल तिथेच फरशीवर बसली. ती मला म्हणाली, "डेनिस, त्यातला एक जरी किंचाळला असता ना, तर मला बरं वाटलं असतं."

ते किती होते ते तिला कळलं नाही. आवाज थांबलेच नाहीत, फक्त लांब गेले.

"बेरिल!" वरून आत्याची हाक आली, यंत्रातून आणि जिन्यातून, दोन्हीकडून. "काय म्हणाला?"

बेरिल जिना चढली. दारात पोचली. आत्या उशीवरून अर्धी उठली होती. पन्नास वर्षं जे एक वाक्य ऐकायला ती जगली, ते तिला बेरिलच्या तोंडून हवं होतं. नुसतं डोळ्यांनी मागत होती.

"येतो म्हणाला," बेरिल म्हणाली. "खाली येतोय. थँक यू म्हणाला."

आत्या मागे टेकली. तिचा जीव भांड्यात पडला. किती वेळ ती नुसती हसत होती. मग लहान मुलीसारखी झोपली.

बेरिल म्हणते, जन्मात मी एकच चांगलं काम केलं, आणि तेच सगळ्यात वाईट निघालं.

कारण दुसऱ्या दिवशी चारला आत्या बोलली नाही. कशाला बोलेल? तिच्या मते ते उतरले होते. ती शांत झोपली होती.

खाली यंत्रात खरखर झाली...

"कंट्रोल, क्वीनी. आज काही सूचना नाही आली."

थोडा वेळ गेला.

"हरकत नाही, मिस. आम्ही थांबतो."

बेरिल चप्पल न घालता वर पळाली. आत्या जागी होऊ नये म्हणून खिडकीशी जाऊन कुजबुजली, "खाली या. कृपा करून खाली या. कोणीही या, पण या." धुक्यातून काही उत्तर आलं नाही. येणारच नव्हतं. जे यायचं ते खाली येत होतं, आणि खाली ऐकायला कोणी नव्हतं.

खरं सांगून आत्याला उठवावं, तर ती तळमळून मरणार. न सांगावं, तर वर ते ताटकळणार. बेरिलने रोज ठरवलं आणि रोज गप्प बसली. असे सहा दिवस. रोज चारला तोच आवाज. आज काही सूचना नाही. हरकत नाही.

सातव्या दिवशी सकाळी आत्या गेली. झोपेतच. चेहऱ्यावर ते हसू तसंच होतं.

दफनाला ग्वेंडा आली. थंडीने नाक लाल, हातात घरून आणलेली फुलं. "माझ्या भावाशी शेवटचं बोलणारी गेली," ती म्हणाली, आणि बेरिलच्या गळ्यात पडून रडली. बेरिलने तोंड उघडलं होतं. मी बाजूलाच उभा होतो, मला दिसलं. पण त्या म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवण्यापलीकडे तिला काही जमलं नाही.

त्याच संध्याकाळी तिने मला सगळं सांगितलं. पहिल्यापासून.

मी काय म्हणणार? आत्याच्या मागे रात्र रात्र जागून बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, एवढंच मला वाटलं.

"उद्या चारला ये," ती म्हणाली. "मी वर जाऊन बोलते. तू खाली बसून ऐक. मी बोलल्यावर ते काय म्हणतात, तेवढं मला सांग. नंतर मला वेडी म्हणायचंय तर म्हण."

मी गेलो. शेजारधर्म म्हणून गेलो, आणि खरं तर यंत्रात दोष कुठे आहे ते बघायला. खिशात पेचकस होता.

चौदा डिसेंबर, बुधवार. पुन्हा तसंच धुकं. मी ओट्याशी स्टुलावर बसलो. तिने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि वर गेली. तिची पावलं वाजली, मग खोलीचं दार.

चार वाजले.

यंत्रातून बेरिलचा आवाज आला. चिरका, घाबरलेला.

"क्वीनी, खाली या. धावपट्टी मोकळी आहे."

मी कान दिला. टॅक्सीचा वायरलेस कसा वाजतो, मला माहीत आहे. पोलिसांचा कसा, मच्छीमारांचा कसा. हे त्यातलं काही नव्हतं.

"थँक यू, मिस..." तो म्हणाला. "तुमचा आवाज नवा वाटतो."

 मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

"आम्ही थांबतो. आमच्या मागे एक जण आहेत. त्यांना आधी घ्या."

खरखर...

आणि मग एका बाईचा आवाज.

तो आवाज मी ओळखत होतो. माझ्या दुकानात वीस वर्षं बॅटऱ्या घ्यायला यायची. दर वेळी म्हणायची, डेनिस, मागच्या वेळच्या चांगल्या नव्हत्या.

"बेरिल, बाळा," एनिड म्हणाली. "माझी घाई करू नकोस. मी क्वीनीच्या मागे आहे. आधी त्यांना जाऊ दे."

मी स्टुलावरून उठलो ते आठवतं. स्टूल पडलं ते आठवत नाही, पण नंतर ते पडलेलं होतं.

वरून हाक आली. "डेनिस! काय म्हणाले?"

मी जिन्याच्या खाली जाऊन उभा राहिलो. ती वरच्या पायरीवर होती, कठडा धरून. पंधरा दिवसांत वाळून अर्धी झालेली. तिचे डोळे बघितले आणि मला तिची आत्या आठवली. आत्याचे हेच डोळे बेरिलने त्या दिवशी दारातून बघितले असतील.

"काही नाही," मी म्हणालो.

"काहीच नाही?"

"नुसती खरखर. माझ्या मते बंद झालं ते."

ती पायरीवर बसली. तोंडावर हात धरून ती आधी रडली आणि मग हसली. "म्हणजे उतरले," ती म्हणाली. "म्हणजे आत्यानेच घेतलं त्यांना. सुटले रे, डेनिस. सगळे सुटले."

माझ्या मागे, स्वयंपाकघरात, यंत्र चालू होतं. मी जाऊन त्याची वायर ओढली.

बेरिल आता बरी आहे. चर्चच्या बायकांबरोबर समुद्रावर जाते, बिंगो खेळते. मला पूर्वीसारखीच टोचून बोलते. ते यंत्र तिने कचऱ्यात टाकलं. आत्याची खोली कॉलेजातल्या एका मुलीला भाड्याने दिलीय. त्या मुलीला काही जाणवत नाही. कसं जाणवेल, त्या खोलीत कधी काही ऐकू आलंच नव्हतं.

मी तिला अजून सांगितलेलं नाही. दुकान बंद केलं, केस गेले, गुडघे गेले. रोज वाटतं सांगावं, आणि तिला रस्त्यात हसताना बघितलं की नुसता हात करून पुढे जातो. सांगून तरी काय होणार? पुन्हा एक जण वर, एक जण खाली, आणि ते म्हणणार, आधी दुसऱ्यांना.

गेल्या डिसेंबरातही आम्ही त्या दगडापाशी जमलो. ग्वेंडा आता नाही, तिची नात येते. नावं वाचली गेली. लाल फुलांचं चक्र बेरिलने ठेवलं. धुकं शेतावरून सरकत होतं. मग दरवर्षीप्रमाणे दोन मिनिटं शांतता. टोप्या हातात, माना खाली. पोरंसुद्धा गप्प.

ती दोन मिनिटं मला सोसवत नाहीत.  शेकडो माणसं त्यांच्या आठवणीत तोंड मिटून उभी होती, आणि कोणी काहीच बोलत नव्हतं.

वर ते कोणीतरी बोलावं याचीच वाट बघत होते.